बोराडे, तुमची रात्रपाळी होती म्हणून सांगतो

बोराडे, तुमचा कालचा भाग हुकला ना,
तर ऐका, मी पहिल्यापासून होतो तिथे.
तिथे म्हणजे नेहरूनगरात, गायधनींच्या हॉलमध्ये.
एकवीस माणसं, दाराबाहेर चपलांचे चौदा जोड,
बाकीच्यांनी थंडीचं निमित्त करून पायातच ठेवल्या.

कुमुदताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात,
मांडीवर परात, चिवड्यात डाळं मिसळत.
टीव्हीतल्या कुमुदताई मोरपंखी साडीत,
केसांचं काहीतरी करून ठेवलेलं कुणीतरी,
परत आल्यावर म्हणे आधी ते धुऊन टाकलं.

पहिली फेरी सोपी होती.
तांब्यात जस्त मिसळलं की काय होतं?
लोंढ्यांचा बारक्या ओरडला, भांडं!
ताईंनी बझर दाबला. पितळ.
दहा गुण, आणि इकडे शिट्ट्या.

दुसऱ्या फेरीत लातूरचा टायवाला पोरगा सुटला.
राजधान्या, खाड्या, कुठल्या ग्रहाला किती चंद्र,
प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचा दिवा पेटायचा.
मधे बोअरवेलच्या पाइपांची जाहिरात, तीनदा, तीच.
मग सिनेमाचा प्रश्न आला आणि ताई सरळ म्हणाल्या,
माहीत नाही.
सूत्रसंचालक हसला, अंदाज तरी करा मॅडम.
त्या म्हणाल्या, आमच्या खात्यात अंदाज चालत नाही.
तिकडे टाळ्या. इकडे तर शिंप्यांच्या रामदासने
खुर्चीच बडवली.

शेवटी दोघं बरोबरीत. एकच प्रश्न.
नोटेच्या मागे भाषांची जी पट्टी असते,
तीत किती भाषा?

अहो, काय गोंधळ उठला म्हणून सांगू!
सव्वीस वर्षं बाई नोटांच्या शीटा उलटतेय,
पुसट शाई, सरकलेला आकडा हेरून बाजूला काढतेय,
तिला हा प्रश्न!
रामदास म्हणाला, घरचं गिऱ्हाईक आलं रे!
आणि का कोण जाणे, मी तेवढ्यात मागे बघितलं.
परातीतला हात थांबलेला.

सहा आठवडे, बोराडे.
शूटिंग होऊन सहा आठवडे झाले होते.
कुणाला सांगणार नाही, अशी सही दिलेली कागदावर,
नवऱ्यालासुद्धा नाही.
आपण रोज डबा उघडताना विचारायचो, काय झालं हो ताई?
आणि त्या लोणच्याची फोड पुढे करायच्या.
गायधनींनी तर पेढे आणून ठेवलेले फ्रिजवर,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.
ते बाईंनी रोज बघितले असतील.

टीव्हीतल्या ताई म्हणाल्या, सतरा.
लाल दिवा.
पंधरा.

मग नुसता पंख्याचा आवाज. थंडीत पंखा कुणी लावलेला,
तेही तेव्हा कळलं.
आणि एकदम सगळ्यांचे हात खिशात.
वीस, पन्नास, कुणाची दहाची चुरगळलेली,
माझी शंभराची बारक्याने ओढूनच घेतली,
ट्यूबलाइटखाली बोट लावून मोजायला बसला.
पट्टीत पंधरा.
बाहेर ठळक अक्षरांत हिंदी, वर इंग्रजी.
सतराच की! सतराच की! सगळे भांडायला उठले टीव्हीशी.

ताई म्हणाल्या, पट्टीत विचारलं होतं.
त्याने पट्टी म्हटलं,
आणि मला अख्खी नोट दिसली.
एवढंच. परत डाळं मिसळायला लागल्या.

बारक्या अजून मोजतच होता.
वरून मोजलं तर मराठी आठवी, खालून मोजलं तरी आठवी.
शंभर रुपये, असं त्याने वाचून दाखवलं मोठ्याने,
जणू बक्षीसच जाहीर करतोय.
तेव्हा हसल्या त्या. काल पहिल्यांदा.
पेढे खाल्लेच सगळ्यांनी, जरा कडक झाले होते.

आता सकाळी गेटवर झडतीच्या रांगेत भेटतील तुम्हाला.
काही विचारू नका.
दुपारी फोड पुढे केली तर घ्या.

आणि लोंढ्यांकडे जाणार असाल तर बघा,
माझी शंभराची नोट त्या पोराकडेच राहिलीय.